भटू आप्पांसाठी अलगूज शोधताना

भटू आप्पांनी तिसरं वाद्यही टेबलावर ठेवून दिलं आणि डावा हात परत रुमालात गुंडाळला.

"डाक्टर, हाई भी नई व्हत," ते म्हणाले. "तुम्हीच वाजाडी दखा."

मी वाजवून पाहिलं. कुकरच्या शिट्टीपलीकडे मला काही जमलं नाही. नेमके त्याच वेळी आमचे मोठे सर, म्हणजे सर्जन, खोलीत आले. टेबलावर एक बासरी, एक गोंडे लावलेली लांबलचक जोडबासरी, आणि जत्रेतली दुसरी जोडबासरी माझ्या तोंडात.

"हे काय दुकान मांडलंय?"

"थेरपी आहे, सर."

"कोणाची?"

प्रश्न रास्त होता. मी जोडी खाली ठेवली.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हाताला अपघात झाला की सर्जन तो शिवतात. शिवलेला हात पुन्हा कामाला लावायचं माझ्याकडे येतं. कोणाला बटण लावता येत नाही, कोणाला भाकरी मोडता येत नाही, तर ते कसं जमेल हे मी पाहतो. नंदुरबारच्या एका खासगी हॉस्पिटलात मागच्या बाजूला माझी खोली आहे. आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं, वडिलांचं बाजारात रेडिमेड कपड्यांचं दुकान. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की वडील "हाताचा डॉक्टर" म्हणतात आणि लगेच दुसरा विषय काढतात. दुकानात वाढल्यामुळे मला दोन गोष्टी चांगल्या येतात, अहिराणी आणि खरेदी. या प्रकरणात खरेदीचा काही उपयोग झाला नाही.

भटू आप्पा प्रकाशा या गावाजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. वय पन्नाशीच्या पुढे. केळी, कापूस, घरी चार म्हशी. दिवाळीच्या आधी म्हशींचा चारा कापताना कुट्टीच्या मशीनमध्ये त्यांचा डावा हात गेला. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची पुढची पेरं गेली. करंगळीशेजारचं बोट, म्हणजे अनामिका, दिसायला शाबूत राहिली, पण तिचं टेंडन तुटलं. टेंडन म्हणजे बोट वाकवणारी आतली दोरी. सरांनी ती शिवली. शिवलेली दोरी आजूबाजूच्या मांसाला चिकटते, म्हणून ठरावीक दिवसांनंतर बोट रोज हलवावं लागतं. नाही हलवलं तर ते काठीसारखं ताठ होतं आणि प्रत्येक कामात आडवं येतं.

आप्पांचं तसंच चाललं होतं. मी त्यांना पुट्टी दिली होती. हा मळलेल्या कणकेसारखा हिरवा गोळा असतो, तो रोज मुठीत दाबायचा. त्यांच्या पत्नी सुमनबाई एकदा सोबत आल्या तेव्हा मी विचारलं, व्यायाम करतात का म्हणून.

"ते हिरवं डब्बामाच शे," त्या म्हणाल्या. "माले वाटनं मलम शे. मी म्हैसनी शिंगले लाई दिन्हं व्हतं."

मोठे सर नाशिकहून महिन्यातून दोनदा येतात. त्यांनी बोट तपासलं आणि सरळ सांगितलं. होळीपर्यंत थांबू. तोवर वाकलं नाही तर ते काढलेलंच बरं, ताठ बोटापेक्षा नसलेलं बोट कामाला सोयीचं. सर्जरीच्या हिशेबाने ते बरोबरच बोलत होते. मला धक्का बसला तो आप्पांच्या उत्तराने.

"काढी टाका," आप्पा म्हणाले. "आजच काढा."

पेशंट घाबरतात, रडतात, हॉस्पिटल बदलतात. बोट काढायची घाई करणारा पेशंट मी तोवर पाहिला नव्हता. सर गेल्यावर मी आप्पांना बसवून घेतलं.

"आप्पा, तुमले काय कराले आवडस?"

"काम."

"कामखेरीज?"

त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "अलगूज शिकानं व्हतं. लहानपने. ऱ्हाई गयं."

अलगूज म्हणजे दोन बासऱ्या एकदम तोंडात धरून वाजवायचं वाद्य. एका हातातल्या बासरीवर चाल वाजवायची, दुसरीवर एकच सूर धरून ठेवायचा. आमच्याकडे ते ठेलारी मेंढपाळ वाजवतात. कापूस निघाला की हे लोक मेंढ्यांचे कळप घेऊन शेतात उतरतात. काही दिवस कळप एका वावरात बसतो, लेंड्यांचं खत होतं, मग पुढच्या वावरात जातो. आप्पांच्या वावरात वडिलांच्या काळापासून लोटनबाबांचा कळप बसत आलेला. लहान असताना आप्पा संध्याकाळी त्यांचं अलगूज ऐकत बसत, आणि शिकायचं मात्र पुढच्या वर्षावर टाकत.

मला वाटलं, सुटलो. माणसाला मनातून वाजवायचंय, वाजवायला बोट वाकवावं लागतं, झाली थेरपी. एक स्वस्तातलं, शिकाऊ अलगूज आणलं की काम झालं.

पहिल्यांदा गावातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "स्केल कोणतं देऊ? सी, ई का जी?"

"शिकाऊ द्या."

"शिकाऊ असं स्केल नसतं, साहेब."

मग त्याने सूर, सप्तक, काळी, पांढरी असं बरंच काही समजावलं. मी मान हलवत राहिलो. अलगूज त्याच्याकडे नव्हतंच. समजावून घेऊन रिकाम्या हाताने कसं निघायचं, म्हणून एक मध्यम बासरी घेऊन आलो. आप्पांनी ती पाहिली आणि म्हणाले, "हाई एक शे. दुसरी कोठे?"

मग ऑनलाइन मागवलं. तिथं "नवशिक्यांसाठी उत्तम" असं लिहिलेलं होतं. खाली एकाने लिहिलं होतं, फारच सुंदर आवाज. दुसऱ्याने लिहिलं होतं, हे वाद्य नाही, भिंतीवर लावायची वस्तू आहे. दोघांनीही पाच तारे दिले होते. आलं तेव्हा ते माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब निघालं. वर लाल गोंडे. आप्पांचा हात शेवटच्या भोकापर्यंत पोचेना. माझाही पोचेना.

तिसरी खरेदी सारंगखेड्याच्या जत्रेतली. बायको-मुलांना घोडे दाखवायला नेलं होतं. लगाम, घुंगरू, जीन यांच्या रांगेत एक माणूस बासऱ्या नि अलगुजं घेऊन बसला होता. तो असा वाजवत होता की शेजारच्या घोडीने कान वळवले. मी विचारलं, "शिकणाऱ्याला कोणतं चांगलं?"

"मनाला येईल ते घ्या."

"जाड का बारीक? लांब का आखूड?"

"तुम्ही शिकणार का?"

"नाही, दुसरे एकजण."

"मग मी काय सांगू?" असं म्हणून तो पुन्हा वाजवायला लागला. मी मनाला येईल ते घेतलं. तेच सरांनी माझ्या तोंडात पाहिलं.

एव्हाना मला काहीच कळेनासं झालं होतं. वाद्य चुकीचं आहे, का बोट, का आप्पांना शिकायचंच नाही? ते प्रत्येक अलगूज हातात घेत, एकदा फुंकत आणि खाली ठेवत. ठेवताना त्यांचा चेहरा सैल व्हायचा. नापास व्हायला बसलेल्या मुलाचा पेपर सुटल्यावर होतो तसा. मला ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

सर म्हणाले, "होळी लक्षात आहे ना?" आणि वॉर्डात गेले.

"आप्पा, हाऊ लोटनबाबा स्वतः अलगूज बनाडस ना?" मी विचारलं. "मंग त्याकडेच जाऊत."

"तुम्ही जा."

"तुम्ही नई येत?"

"तुम्ही जा. आनि एक सांगस, डाक्टर. हातनं काही सांगू नका त्याले."

पेशंटची गोष्ट बाहेर न सांगणं हा आमचा नियमच आहे, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. रविवारी मोटरसायकल काढून गेलो. लोटनबाबांचा कळप तेव्हा सारंगखेड्याच्या रस्त्याला एका वावरात बसला होता. म्हातारा सत्तरीचा, अंगावर घोंगडी, बोलणं मोजकं. मी नेहमीप्रमाणे शिकाऊ अलगुजापासून सुरुवात केली.

"शिकाऊ काही नसस," ते म्हणाले. "हात कोना शे, ते सांगा."

"भटू आप्पाना."

"मंग हात कोठे शे?"

त्यांच्यात अलगूज ज्याला वाजवायचं त्याच्या हातावर बेततात. वेळूची कांडी बोटांशेजारी धरायची, बोट जिथं पडेल तिथं कोळशाने खूण करायची, तिथंच भोक. मी खूश झालो. हात नसला तरी हाताचं माप माझ्याजवळ होतं. केस पेपरला पेन्सिलने काढलेला हाताचा आकार जोडलेला असतो. त्यावरून आम्ही स्प्लिंट कापतो, म्हणजे बोट योग्य जागी धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी. तो कागद मी पिशवीतल्या फाइलमधून काढून दिला. लोटनबाबांनी कागद उलटसुलट केला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, आणि दोन तासांत जोडी तयार केली. वाजवून दाखवली तेव्हा मला इतका आनंद झाला की रस्ताभर शीळ घालत आलो.

त्या शनिवारी आप्पा आले तेव्हा त्यांनी ती डाव्या हातात धरली. आखूड बोटं भोकांवर पोचेनात. बोटांची टोकं अजून हुळहुळी होती, दाबली की कळ यायची. अनामिका भोकाच्या वरून ताठ निघून गेली. सगळीकडून हवा सुटली. आप्पांनी जोडी टेबलावर ठेवली, अगदी हळू, आणि हात रुमालात घातला.

"नई व्हत," ते म्हणाले. "होळीले काढी टाका."

आता मात्र मला म्हाताऱ्याचा राग आला. माप देऊनसुद्धा चुकला. आमच्या दुकानात असं झालं असतं तर वडिलांनी माल परत घेऊन वर चहा पाजला असता. मी ती जोडी आणि फाइल घेऊन तडक लोटनबाबांना शोधत निघालो. कळप आता आप्पांच्याच वावरात बसला होता.

लोटनबाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग कागद मागितला आणि त्यावर बासरी ठेवली. प्रत्येक भोक प्रत्येक बोटाखाली, तसूभर फरक नाही.

"वेळू खरा शे," ते म्हणाले. "कागद खोटा."

मी कागद हातात घेऊन उलटा केला. मागे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: उजवा हात, उलटून.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. जखमी हात सुजलेला, बँडेजमध्ये असला की त्याचा आकार काढता येत नाही. मग आम्ही चांगल्या हाताचा आकार काढतो आणि कागद उलटा करतो. उजव्याचा डावा होतो. स्प्लिंटला अंदाजासाठी तेवढं चालतं. त्या कागदावर पाचही बोटं पूर्ण होती. मी आठवड्यातून दोनदा आप्पांचा हात हातात घेत होतो, आणि तरी तो कागद काढून देताना मला काही खटकलं नाही. म्हाताऱ्याने भटू आप्पांच्या अपघाताआधीच्या हातासाठी अलगूज बनवलं होतं.

"मालक बरा शे ना?" लोटनबाबांनी विचारलं. "चार दिन व्हयनात, वावरमा उना नई. यंदा पह्यली ओंजळ बी मालकीनबाईनी दिन्ही."

मी कागदाची घडी केली. तिथून सरळ आप्पांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, सुमनबाई आत चहा ठेवत होत्या. मी कागद पुढे धरला.

"आप्पा, हाऊ उजवा हात शे. तुमले माहीत व्हतं?"

ते कागदाकडे पाहत राहिले. "माहीत व्हतं."

"मंग बोलनात का नई?"

आप्पांनी कागद ओट्यावर पालथा ठेवला. मग त्यांनी सांगितलं. कळप वावरात उतरला की मालकाने पहिली ओंजळ धान्य स्वतःच्या दोन्ही हातांनी द्यायची, अशी त्यांच्या घरातली रीत. आजोबा देत, वडील देत, गेली तीस वर्षं आप्पा देत आलेले. "या हातमातीन दाना गळतस," ते म्हणाले. "हाई बोट वाकत नई ना. लोटनबाबासमोर दाना गळतीन. बोट नसतं ते लोके म्हनतीन, बिचाराले बोटच नई. शे नि वाकत नई, त्याले काय म्हनतीन?"

म्हणून यांना बोट काढायची घाई होती, म्हणून प्रत्येक अलगूज फसलं की त्यांना बरं वाटत होतं. मी पुट्टी, पट्ट्या आणि बासऱ्या देत राहिलो आणि हा माणूस आपल्याच शेतात जायचा थांबला होता. मला त्यांची फार कणव आली, आणि स्वतःचा रागही.

सुमनबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कापाले लाज नई, दखाडाले लाज शे."

चहा झाल्यावर आप्पा उठले आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. आम्ही सरळ वावरात गेलो.

लोटनबाबांनी त्यांना पाहून "या मालक" म्हटलं आणि बसायला घोंगडी टाकली. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनीच रुमाल सोडला आणि हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांत घेतला. कोकराचा पाय तपासावा तसं एकेक बोट चाचपलं. अरेरे म्हटलं नाही, कसं झालं विचारलं नाही. आखूड दोन बोटं सोडली, करंगळी सोडली, आणि त्या ताठ बोटावर थांबले.

"हाई चांगलं शे," ते म्हणाले.

"ते वाकत नई, बाबा," आप्पा म्हणाले. "ते काढनार शेतस."

"काढी कसं चाली? ह्या दोन्ही आखूड, करंगळी बारीक. भोक झाकाले पूरं बोट हाई एकच शे." म्हाताऱ्याने बोट हलकेच दाबून पाहिलं. "थोडं वाकस. मंग जाड वेळू लेऊत."

त्यांनी मनगटाएवढा नाही, पण चांगला जाड वेळू काढला. जाड वेळूवर बोट फारसं वाकवावं लागत नाही, नुसतं टेकलं तरी पुरतं. डाव्या बासरीला त्यांनी एकच भोक पाडलं, त्या बोटाखाली. मग आणखी दोन बासऱ्या केल्या, एक तिच्याहून बारीक आणि दुसरी त्याहून बारीक. "हाई सोपी वाटनी का ती ल्या," ते म्हणाले. "ती सोपी वाटनी का मंग ही."

मी शेजारी बसून पाहत होतो. याला आमच्या अभ्यासक्रमात ग्रेडिंग म्हणतात. जमेल तिथून सुरू करायचं आणि पायरीपायरीने अवघड करत जायचं. यावर मी परीक्षेत उत्तरं लिहिली आहेत. पेशंटच्या चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळून मी स्वतः तो जाड करून देतो. बासरी मात्र मी मनाला येईल ती आणत होतो. आणि मी दर आठवड्याला बोट किती अंशांनी कमी वाकतं तेच मोजत होतो. पूर्ण असं तेवढं एकच बोट उरलंय, हे मला म्हाताऱ्याने सांगितल्यावर दिसलं.

त्यानंतर आप्पा रोज सकाळी गोठ्यात बसून वाजवायला लागले. सुमनबाईंचा फोन आला, "डाक्टर, म्हशी दूध चोरी ऱ्हायन्यात. त्यास्ले काहीतरी गोळी द्या." बोट पंधरा अंशांवरून तीसवर आलं. तीन आठवड्यांनी दुसरी बासरी, मग तिसरी. सगळं सरळ झालं असं नाही. मध्येच बोट सुजलं, आठवडाभर बंद ठेवावं लागलं, तेव्हा आप्पा माझ्याशी नीट बोललेही नाहीत.

होळीच्या आधीच्या व्हिजिटला सर आले. मी कोन मोजून सांगितला, "पंचावन्न, सर."

त्यांनी स्वतः बोट वाकवून पाहिलं. "शेवटी व्यायाम केलात म्हणायचा."

"व्यायाम नई करा, साहेब," आप्पा म्हणाले. पिशवीतून त्यांनी जोडी काढली आणि मी थांबवायच्या आत वाजवायला लागले. चाल ओळखू येत नव्हती. डाव्या बासरीवर धरून ठेवायचा सूर दोनदा सुटला, दोनदा परत पकडला. ओपीडीतली माणसं दारात जमली. सर हातात पेन घेऊन शेवटपर्यंत थांबले.

"सूर चुकतोय," ते मला म्हणाले.

"हो सर."

त्यांनी केस पेपर ओढला आणि "फॉलोअप तीन महिन्यांनी" एवढंच लिहिलं. बोट ठेवायचं असं कोणी लिहीत नाही. आप्पांनी तो कागद तीनदा वाचून घेतला माझ्याकडून.

बोट पूर्ण वाकत नाही आणि वाकणारही नाही. डाव्या हाताने अजून म्हैस पिळता येत नाही. माझ्या कपाटात एक बासरी, गोंड्याचं एक अलगूज, जत्रेतलं एक आणि खोट्या कागदावरचं एक असा ऐवज पडून आहे. ही गोष्ट हॉस्पिटलभर झाल्यामुळे शिकायला स्वस्त आणि चांगलं वाद्य कोणतं, असं लोक मलाच विचारतात. ते मला आजही सांगता येत नाही.

कामात एक बदल मात्र केला. नवा पेशंट आला की मी फाइल उघडायच्या आधी म्हणतो, हात दाखवा. तो चांगला हात पुढे करतो. सगळेच करतात. मी तो बघतो, बरा आहे म्हणतो, आणि मग म्हणतो, आता दुसरा.